मैत्रिणीबरोबर तेरा रात्री

"परदेशात? मैत्रिणीबरोबर? आणि मिस्टर?"

२०२५ च्या मे महिन्यात मी आणि माझी पाचवीपासूनची मैत्रीण बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि प्राग अशा तीन शहरांत तेरा रात्री राहून आलो. तेव्हापासून हा प्रश्न मला सोसायटीच्या जिन्यात विचारला गेलाय, भाजी घेताना विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. पण त्यामागची समजूत मला अजिबात मान्य नाही, म्हणून आज बसून लिहितेय. बाईची मैत्री म्हणजे उरलेल्या वेळातली गोष्ट, अशी ती समजूत. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची पथ्यं, पाहुणे, सणवार सगळं उरकलं की मग मैत्रीण. तुळशीबागेत तासभर, एक कॉफी, आणि ती संपायच्या आत "निघते गं, कुकर लावायचाय."

आम्हीही चाळीस वर्षं तशाच भेटलो. मग २०१९ मध्ये तिच्या आईच्या तेराव्याला आम्ही दोघी गच्चीत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "आपण दोघी सलग एक अख्खा दिवस शेवटच्या कधी एकत्र होतो?" आठवेना. दहावीची सहल असावी. पुढच्याच आठवड्यात आम्ही बँकेत जाऊन दोघींच्या वेगवेगळ्या आर.डी. सुरू केल्या, महिना पाच हजार. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, ती महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर होती. पैसे आमचे होते. तरीही हे पैसे मुलीच्या लग्नाचे नाहीत, घराच्या रंगाचे नाहीत, आमच्या प्रवासाचे आहेत, हे घरात मोठ्याने सांगायला मला दोन वर्षं लागली. नवरा एवढंच म्हणाला, "मग आधीच का नाही सांगितलंस?" त्या वाक्याचा मला आजही आधार वाटतो.

आता शहरांबद्दल. सगळे सांगत होते, ग्रुप टूर घ्या, बारा दिवसांत सात देश होतात. 'होतात' हा शब्दच मला खटकतो. बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा बस. दोन मैत्रिणींना बोलायला त्यात वेळ कुठे आहे? आम्ही तीनच शहरं घेतली. विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढलं: मुंबईहून बुडापेस्टला जायचं आणि प्रागहून परत यायचं, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरायला नको. मधला प्रवास रेल्वेने. बुडापेस्ट ते व्हिएन्ना पावणेतीन तासांच्या आत, व्हिएन्ना ते प्राग चारेक तास. डब्यात बसल्या बसल्या देश बदलतो. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. आम्ही व्हिएन्नाला पाच आणि बाकी दोन्हीकडे चार-चार रात्री धरल्या होत्या, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. पैसे मात्र तीन ठिकाणी तीन प्रकारचे: फोरिंट, युरो, कोरुना. आणि एक गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवा. कार्ड वापरताना यंत्राने "रुपयांत घेऊ का?" असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि तिथलंच चलन निवडायचं. रुपयांत घेतलं की दर महाग लागतो.

बुडापेस्टला सेचेनी नावाचं मोठं स्नानगृह आहे, १९१३ सालचं. पिवळ्या राजवाड्यासारखी इमारत, मध्ये उघड्यावर कुंडं, आणि जमिनीखालून येणारं नैसर्गिक गरम पाणी. म्हातारी माणसं छातीभर पाण्यात उभी राहून बुद्धिबळ खेळत असतात. मी आयुष्यात पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख विकत घेतला होता, लक्ष्मी रोडवरून, मुलीला न सांगता. कपडे बदलायच्या खोलीत मी दहा मिनिटं टॉवेल गुंडाळून बसून राहिले. ती बाहेरून म्हणाली, "अगं, ये. इथे सगळ्या आपल्यासारख्याच आहेत." खरंच होत्या. सुरकुतलेल्या, सुटलेल्या पोटाच्या, ऑपरेशनच्या खुणा असलेल्या बायका निवांत पाण्यात बसल्या होत्या. आम्ही दोन तास बसलो. सिझेरियनबद्दल, पाळी थांबतानाच्या दिवसांबद्दल, तिच्या सासरच्या पहिल्या वर्षाबद्दल आम्ही त्या पाण्यात जे बोललो, ते चाळीस वर्षांत बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी डॅन्यूबच्या काठाने संसदेकडे चालत गेलो. तिथे काठावर लोखंडी बूट-चपलांचे ६० जोड ठेवले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या फॅसिस्टांनी ज्यूंना नदीकाठी उभं करून, पायांतले जोडे काढायला लावून गोळ्या घातल्या. त्यांचं हे स्मारक, २००५ साली केलेलं. त्यात लहान मुलांचेही आहेत. मी फोटो काढायला फोन हातात घेतला होता. शेजारी बघितलं तर तिने स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि ती अनवाणी उभी होती, देवळात उभं राहावं तशी. मी फोन पिशवीत टाकला आणि माझ्याही चपला काढल्या. त्या ठिकाणचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

व्हिएन्नात आम्ही एक नियम केला: सकाळ ज्याची त्याची, दुपारनंतर एकत्र. मला कलेतिहास संग्रहालयात ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराच्या दालनात बसायचं होतं. बर्फातून गावाकडे परतणारे शिकारी, १५६५ सालचं चित्र. वर्गात मुलांना मी ते पोस्टकार्डाएवढं दाखवत आले होते. प्रत्यक्षात ते माझ्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढं आहे आणि खाली दूर बर्फावर खेळणारी माणसं नखाएवढी. मी दीड तास त्याच बाकावर होते. ती बरोबर असती तर मला सतत वाटत राहिलं असतं की ही कंटाळली असेल.

आणि ती काय करत होती? पाणी बघत होती! व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली वाहिनी १८७३ ची, दुसरी १९१० ची, आणि पाणी उतारानेच शहरापर्यंत पोचतं, त्याला पंप लागत नाही. खडकवासल्याच्या पाण्याच्या वेळापत्रकात जिचं आयुष्य गेलं, ती हे सांगताना किती फुलली होती! तिथल्या कॉफीगृहात कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतोच, आणि एका कॉफीवर कितीही वेळ बसलं तरी कोणी उठवत नाही. तिने तो ग्लास उजेडात धरून मला अर्धा तास उतार आणि दाब समजावला. मी तिला बर्फातल्या कुत्र्यांबद्दल सांगितलं. सकाळी वेगळ्या झालो म्हणूनच दुपारी सांगायला काही होतं. जोडीने प्रवास करणाऱ्या सगळ्यांनाच मी हे सांगेन, नवरा-बायकोलासुद्धा.

भांडण झालं ते प्रागला. तिथे रस्ते दगडी, खडबडीत, आणि तिसऱ्या दिवशी तिचा गुडघा सुजला. मला चार्ल्स पुलावरून चालत वर किल्ल्यात जायचं होतं. १३५७ साली पाया घातलेला पूल, दोन्ही बाजूंना मिळून तीस शिल्पं. मी त्याची रेखाटनं करायची म्हणून वही नेली होती. ती म्हणाली, "तू जा." मी गेले नाही. खोलीत तिच्याजवळ बसून राहिले, बर्फाने शेकून दिलं, वरणभात लावला, आणि आतून धुमसत राहिले. संध्याकाळी फुटलंच. मी म्हणाले, तुझ्यासाठी मी थांबले. ती म्हणाली, "मी जा म्हणाले होते."

आपल्या घरांत "तू जा" म्हणजे "जाऊ नकोस" असतं. "मला काही नको" म्हणजे "तुला कळायला हवं" असतं. आपण आईकडून ही भाषा शिकतो, पुढे तीच वापरतो, आणि समोरचीही तीच बोलतेय असं धरून चालतो. ती त्या रात्री रडत म्हणाली, "तीस वर्षं मी घरात जा म्हणून जाऊ नका सांगत आले. तुझ्याशी तरी मला सरळ बोलायचंय. मी जा म्हटलं की जा गं." एवढ्या जवळच्या मैत्रिणीच्या शब्दावर मी विश्वास ठेवला नव्हता, त्याची मला लाज वाटली. घरी असतो तर तिला कुकर लावायला जायचं असतं आणि हे वाक्य राहूनच गेलं असतं. म्हणून मी म्हणते, मैत्रिणीला दोन तास पुरत नाहीत. रुसायला, त्यातून बाहेर यायला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी बसून चहा प्यायला सलग दिवस लागतात.

शेवटच्या सकाळी मी सहा वाजता एकटीच पुलावर गेले. गर्दी नव्हती, चार शिल्पं काढून झाली. मग किल्लाही बघितला. ती २२ नंबरच्या ट्रॅमने सावकाश वर आली आणि आम्ही तिथल्या कठड्यावर बसून उरलेला लाडू अर्धा-अर्धा खाल्ला.

नवीन आर.डी. जूनपासून सुरू आहे. तिला जपान हवंय, मला इस्तंबूल. या वेळी दोघीही हट्टाला पेटलोय.