जंगी पलटणीतले आमचे आप्पा
१९७१ च्या युद्धातल्या माजी सैनिकांवरचा एक लेख वाचला आणि शेजारचे आप्पा डोळ्यांपुढे उभे राहिले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधले, म्हणजे जंगी पलटणीतले. त्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या लढाईत होते. विचारलं की न परतलेल्या सोबत्यांची नावं सांगायचे, स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

दर नोव्हेंबरात गावातल्या वीरपत्नींना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन जायचे. अंगठ्याची शाई स्वतःच्या रुमालाने पुसून द्यायचे. काकूंची दृष्टी गेल्यावर मात्र आधी त्यांची वेणी घालायचे, घट्ट नि सरळ, मगच घराबाहेर पडायचे.

मागच्या वर्षी गेले. यंदा माझी आई बँकेत एकटीच जाऊन आली, बोटावरची शाई तशीच घेऊन.