नावाचं पेटंट नसतं हो

आजकाल ज्याला त्याला "नावाचं पेटंट" काढायचंय. अहो, पेटंट शोधाचं असतं, अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, मग संपलं. नावाला ट्रेडमार्क, तो दर 10 वर्षांनी फी भरून रिन्यू करत राहायचं. दोन्ही खाती एकाच कंट्रोलर जनरलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, हाताखाली, त्यामुळेच बहुतेक लोकांचा घोळ होतो.

आमच्या वहिनींचंच बघा. लोणची-मसाल्यांचा घरगुती धंदा, नाव ठेवलं "अस्सल घरगुती". एका एजंटने पेटंट करून देतो म्हणून पैसे घेतले, ट्रेडमार्कच्या अर्जाची पावती दिली आणि वर पठ्ठ्या म्हणतो आता नावापुढे गोल आर (® म्हणजे 'रजिस्टर्ड') लावा! वहिनींनी लगेच हजार स्टिकर छापले. गोल आर रजिस्ट्रेशन झाल्यावरच लावायचा, आधी लावणं बेकायदा आहे, तोवर नुसतं टीएम (™, ट्रेडमार्कचं). मग एक दिवस ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर अर्जाचं स्टेटस दिसलं 'ऑब्जेक्टेड' आणि रात्री साडेदहाला फोन, "भाऊजी, कुणीतरी केस टाकली हो आपल्यावर." कुणी काही टाकलं नव्हतं. ऑब्जेक्टेड म्हणजे ऑफिसच्याच एक्झामिनरचा आक्षेप, महिन्याभरात उत्तर द्यायचं. बाहेरच्याने हरकत घेतली तर ते 'अपोज्ड', आणि ती घ्यायला ऑफिसच्या जर्नलमध्ये नाव छापून आल्यापासून 4 महिने असतात.

आक्षेप काय, तर नाव मालाचं नुसतं वर्णन करतंय. आता यात मी ऑफिसच्या बाजूने आहे, 'घरगुती' एकालाच देऊन टाकलं तर बाकीच्या बायकांनी बरणीवर लिहायचं काय? आणि मालाच्या प्रकाराप्रमाणे क्लास असतात, एजंटने अर्ज फक्त क्लास 30 मध्ये भरलेला. मसाला 30 मध्ये बसतो, लोणचं 29 मध्ये, दर क्लासला वेगळी फी, ऑनलाइन भरलं तर एकट्यादुकट्या माणसाला 4500 रुपये. नाव गेलं तरी फी परत नाही. साइटवर फुकटात सर्च करता येतो, उच्चाराने सारखी नावंसुद्धा निघतात, पण तेवढं कोण बघतो.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य ऑफिस मुंबईत आणि अर्ज मात्र हिंदी नाहीतर इंग्रजीत. वहिनींच्या हातात आलेला आक्षेपाचा रिपोर्ट म्हणजे सगळी कलमं आणि इंग्रजी, मग माणूस एजंटकडे पळणार नाहीतर काय करणार!

आता पुतणी लहानपणी लोणच्याला जे काहीतरी बोबडं म्हणायची तेच नाव दोन्ही क्लासमध्ये भरलंय, सर्चमध्ये तसलं एकही सापडलं नाही. जुने स्टिकर वहिनी घरच्या डाळी-साखरेच्या डब्यांना लावतायत, गोल आर मार्करने खोडून.