ताशी शून्य किलोमीटर

परशुराम घाटाच्या वळणांवर बुलेट पडत नाही. ती पडते घाट उतरून, पाव्हण्यांच्या अंगणात, सगळं घर ओटीवर बसून बघत असताना. वेग शून्य, प्रेक्षक आठ.

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं वजन साधारण १९५ किलो. सरळ उभी असेल तर ती दोन बोटांनी तोलता येते. थोडी कलली तर मांडी पेलते. त्यापुढे मात्र ती तुमची राहत नाही, जमिनीची होते.

माझ्या मते मुख्य आरोपी पुढचा ब्रेक. हँडल वळलेलं असताना तो दाबला की पुढचं चाक जागीच थांबतं, फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअब) दबतो आणि गाडी वळलेल्या बाजूला लवंडते. म्हणून अंगणात शिरताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर, हाफ क्लच (म्हणजे अर्धवट सोडलेला), रेस अगदी जराशी, आणि नजर जायचंय तिकडे. तुळशी वृंदावनाकडे बघाल तर तिथेच पोचाल. थांबण्याआधी हँडल सरळ करा. मग पुढचा ब्रेक खुशाल दाबा.

पाय कुठे टेकणार, हे थांबायच्या आधी बघावं. श्रावणात जांभ्याच्या चिऱ्यावर शेवाळ साबणासारखं असतं. उन्हाळ्यात त्याच चिऱ्याची बारीक खडी बुटाखाली गडगडते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा लोखंडी उतार ओला असला की दोन्हींचा बाप. पुढची गाडी आत जाईपर्यंत खालीच थांबा. अर्ध्या उतारावर थांबणाऱ्याला मागचा जीपवाला हॉर्न देतो, मदत नाही.

आता साइड स्टँड. त्याचं टोक एवढंसं, तांबडी माती पावसात लोण्याहून मऊ, आणि गुहागरच्या वाळूबद्दल तर बोलायलाच नको. खाली कडाप्प्याचा तळहाताएवढा तुकडा घाला. काहीजण करवंटी घालतात. ती घसरते किंवा फुटते, आणि तेही तुम्ही चहाचा कप तोंडाला लावल्यावर.

उतारावर गाडीचं तोंड चढाकडे, गिअर पहिला. तोंड उताराकडे केलंत तर गाडी पुढे सरकते, स्टँड आपोआप मिटतो आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आडव्या उतारात डावी, म्हणजे स्टँडची बाजू उंच असेल तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. मग शेजारच्या पोराने नुसतं हँडल धरलं तरी उजवीकडे आडवी. (नारळाखाली लावू नका, हे सांगायला लागू नये.)

पडू लागली तर पडू द्या. पाय मध्ये घालू नका. लेग गार्ड त्यासाठीच बसवलाय. आधी चावी बंद, जमलं तर पहिला गिअर. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून ढुंगण सीटला टेकवा, एक हात खालच्या ग्रिपला, दुसरा मागच्या दांड्याला, कंबर ताठ, आणि पायांच्या जोरावर बारीक पावलं मागे. ओटीवरून "अहो, सावकाश!" असं कोणीतरी म्हणतंच, ऐकावं.

पेट्रोल सांडलं असेल तर वास जाईपर्यंत स्टार्ट करू नका. आणि क्लच लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट मरणाचे आवळू नका. गाडी पडली की लिव्हर फिरला पाहिजे, तुटता नये. तुटलाच तर उरलेल्या खुंटावर दोन बोटांत घर गाठता येतं, पण चिपळूणच्या बाजारातून जाऊ नका.