पहिला स्टंट पतंग 'कसलाही' घेऊ नका

उन्हाळा जवळ आला की ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो: 'मुलांना दोन दोऱ्यांचा स्टंट पतंग हवाय? सगळ्यात छोटा आणि स्वस्त घ्या. सोबतची दोरी टाकाऊ निघाली तर भारतातून आणलेला मांजा लावा. सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी समुद्रावर जा. मोडला तर टाकून द्या.' पहिल्या पतंगावर फार पैसे घालू नयेत, एवढं त्यातलं खरं. बाकीचं ऐकलं तर पोरं रडकुंडीला येतात आणि पतंग माळ्यावर जातो.

आधी 'छोटा म्हणजे सोपा' हे घेऊ. गच्चीवरचा पतंग ढील देऊन सावरता येतो. स्टंट पतंगाला ढील नसतेच. दोऱ्या ठरलेल्या लांबीच्या, साधारण २५ मीटर. उजवा हात ओढला की तो उजवीकडे वळतो, डावा ओढला की डावीकडे. छोटा पतंग जराशा हिसक्यानेही गर्रकन फिरतो आणि नवशिक्याला काय झालं ते कळेपर्यंत त्याचं नाक वाळूत रुतलेलं असतं. पंखांचा पसारा दीड ते पावणेदोन मीटर असला की वळण सावकाश होतं, चूक सुधारायला उसंत मिळते. त्याहून बराच मोठाही नको, त्याची ओढ मुलांना झेपत नाही. १९७० च्या दशकात ब्रिटिश पतंगकार पीटर पॉवेल यांच्या पतंगाने ब्रिटनमध्ये हा खेळ घरोघरी नेला. त्याला वारा भरून फुगणारी लांबलचक नळीची शेपटी असे. ती दिसायला सुंदर होतीच, पण पतंगाला आवरूनही धरायची. छोटा पतंग आधीच घेतला असेल तर त्याला लांब शेपटी लावून पाहा, बराच शांत होतो.

दोरीबद्दलचा सल्ला मात्र चुकीचा तर आहेच, शिवाय घातकही आहे. पतंगाने आकाशात एक गिरकी घेतली की दोन्ही दोऱ्यांना एकमेकींचा एक पीळ बसतो. तीन-चार गिरक्यांनंतरही पतंग हाताचं ऐकतो, कारण चांगल्या दोऱ्या गुळगुळीत असतात आणि पिळातूनही एकमेकींवरून सरकतात. मांज्याला काचेचा लेप असतो. तो तिथे सरकणार नाही, शेजारची दोरीच कापेल. वर किनाऱ्यावर पोरं धावत असतात, त्यांच्या गळ्याच्या उंचीवर ताणलेला मांजा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. भारतात नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली ती उगाच नाही.

साधी नायलॉनची दोरीही कामाची नाही. ती ताणली जाते आणि हाताची ओढ पतंगापर्यंत पोचण्याआधीच विरून जाते. पाकिटावर डायनिमा किंवा स्पेक्ट्रा (फारसे न ताणले जाणारे मजबूत धागे) लिहिलेलं पाहा. पैसे वाचवायचे तर पतंगाच्या कापडावरच्या रंगात वाचवा, दोरीत नको. उडवण्याआधी दोन्ही दोऱ्यांची टोकं एकाच खुंटीला अडकवून ताणून बघा. एक दोरी चार बोटं जरी लांब निघाली तरी पतंग सारखा एका अंगाला जातो आणि मूल बिचारं स्वतःला दोष देतं.

सोसाट्याच्या वाऱ्यात पतंग उडतो खरा, पण आपटतोही तितक्याच जोरात. ताशी १२ ते २० किलोमीटर वारा शिकायला पुरे, आणि तो समुद्राकडून किनाऱ्यावर येणारा असावा. इमारतींच्या आडोशाला वारा घुसळतो, तिथे कसलेला माणूसही वैतागेल. पतंग खाली कोसळतोय असं दिसलं की दोर ओढू नका, दोन्ही हात पुढे करून त्याच्याकडे दोन पावलं धावा. वेग मरतो, काड्या वाचतात.

राहिलं मोडल्यावर फेकून देणं. मोडते ती बहुधा एखादी काडी, पतंग नव्हे. नवशिक्याला फायबरग्लासच्या काड्या बऱ्या. कार्बनच्या हलक्या खऱ्या, पण आपटल्यावर चिरतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, की याच्या काड्या सुट्या मिळतात का. मिळत नसतील तर दुसरा पतंग दाखवायला सांगा.