असू दे, लागेल

शेंगेन व्हिसाचा निकाल साधारण १५ दिवसांत लागतो. लेन्सचा निकाल चार महिन्यांच्या आत लागला, तर कुठेतरी घाई झाली असं समजा. १२ दिवसांत युरोपचे सात देश बघायचे आणि कॅमेऱ्याला एकच लेन्स न्यायची, म्हणजे बारीकसारीक विचार हा हवाच.

सुरुवात कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ला, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटरच्या छोट्या झूमला, नावं ठेवण्यापासून करा. ती हलकी आहे, बऱ्यापैकी शार्प आहे, तुमच्या बहुतेक फोटोंना पुरेल. पण ती फुकट आलेली आहे. फुकटच्या लेन्सने चांगले फोटो निघाले, तर मुंबईच्या बोरा बझारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत घातलेल्या तीन शनिवारांचं काय करायचं?

मग कोणीतरी शहाणा ३५ मिलिमीटरची एफ/१.८ सुचवेल; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. ऐकून घ्या, मान डोलवा, विसरून जा. ३५वर तुमची होणारी महाझूम, १८-४००, एफ/४च्या आसपास उघडते, म्हणजे ही तिच्या जवळजवळ पाचपट प्रकाश आत घेते. घेत असेल. पण हिला झूम नाही. फ्रेम लहानमोठी करायची तर आपल्यालाच पुढेमागे चालावं लागतं, आणि पायांतली सगळी ताकद टूर मॅनेजरच्या छत्रीमागे धावण्यासाठी राखून ठेवायची असते.

आपल्याला नेमकी कशी लेन्स हवी, ते बॅग भरताना कळतं. सुतळीचा गुंडा, मेतकुटाची पुडी, दोन जास्तीच्या टॉवेल-पिना, एक स्क्रूड्रायव्हर. कशाला? असू दे, लागेल. ४०० मिलिमीटर, म्हणजे फार लांबचं जवळ आणणारं टोक, ही याच जातीची वस्तू आहे. २०१७मध्ये टॅमरॉनने १८-४०० बाजारात आणली आणि असू-दे-लागेलवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय झाली. वजन ७१० ग्रॅमच्या आसपास. केबिन बॅगेला सात किलोंची मर्यादा असते, त्यामुळे भाकरवडीचं एक पाकीट कमी करावं लागेल. घरी सांगताना एवढंच सांगू नका की भाकरवडी चौथ्या दिवशी संपते, लेन्स परतीच्या विमानातही ७१० ग्रॅमच भरते.

आता वापर. १८वर, म्हणजे सगळ्यात रुंद टोकाला, ती काय करते हे बघायला पिसासारखी जागा नाही. मनोरा जवळजवळ चार अंश कललेला आहे. पुढे लॉन, मागे गर्दी, हातात वीस मिनिटं. तुम्ही जवळ उभे राहता, १८ लावता आणि कॅमेरा वर करता. कॅमेरा वर केला की सगळ्या उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींत झुकतात. शेजारचं कॅथेड्रल, बिचारं सरळ बांधलेलं, ते मागे पडायला लागतं. मनोरा ज्या बाजूला कलतो त्याच बाजूच्या कडेला त्याला ठेवलात, तर तो मात्र चक्क ताठ होतो. इटलीच्या इंजिनिअरांनी १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं मनोरा लोकांना बंद ठेवला, पायाखालची माती काढली, तेव्हा कुठे माथा ४५ सेंटिमीटरच्या आसपास मागे आला. तुमचं काम एका क्लिकमध्ये. असा सरळ पिसा माझ्याकडे आहे. बघणारे विचारतात, ‘हे कुठलं?’

कडेला उभ्या केलेल्या माणसाला १८ आडवं ताणते, हेही लक्षात असू द्या. तिथे मेहुणीला उभं करू नका. साडू चालेल.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ४०० हाताशी असल्याचं समाधान मिळतं. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, काचेआड, आणि तिच्यापुढे दीडेकशे डोकी. तुम्ही मागूनच झूम ताणा. फोकस पुढच्या माणसाने उंच धरलेल्या फोनवर जाऊन बसतो आणि त्या फोनच्या पडद्यावरची मोनालिसा फार सुरेख येते. ब्रुसेल्सचा शू करणारा पोरगा, मानेकेन पीस, तर ५५ सेंटिमीटरचाच. त्याच्यासाठीही झूम ताणा. तिथे उभा असलेला पुतळा प्रतिकृती आहे, मूळ पुतळा ब्रुसेल्सच्याच संग्रहालयात आहे, पण एवढ्या लांबून काढल्यावर तो फरक राहत नाही. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये फोटोलाच बंदी आहे. तिथे लेन्सला विश्रांती द्या, मानेला मिळणार नाही.

संध्याकाळी काय करायचं? जुना हिशेब असा, की क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ४०० हातात धरायची तर शटर निदान १/६०० सेकंद हवा. तिकडच्या टोकाला लेन्स एफ/६.३पेक्षा जास्त उघडत नाही. म्हणजे आयएसओ, सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० किंवा त्याच्याही पुढे, आणि फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं. दुकानदार म्हणाला असेल की आत स्टॅबिलायझर आहे. आहे ना. तो तुमचा हात स्थिर करतो. व्हेनिसचा गोंडोलावाला आपला वल्हवतच राहतो.

लांब झूम गळ्यात खाली तोंड करून अडकवली की जिना चढताना आपोआप घरंगळत लांब होते. तिला लॉक असतं, पण ते लावायचं लक्षात राहिलं तर पुढच्या काकूंना कळणार कसं, की आपल्याकडे ४०० आहे?

स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नला तळ्यावर चंद्र उगवला तेव्हा मात्र माझी लेन्स कारणी लागली. ४००वर चंद्राची प्रतिमा सेन्सरवर साडेतीन मिलिमीटरच्या जरा वर भरते, टिकलीएवढी. ती कापून मोठी केली. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो, त्यामुळे डोंबिवलीच्या गच्चीवरून निघाला असता तोच फोटो लुसर्नला निघाला. तळं आलं नाही, ते फ्रेममध्ये मावत नव्हतं.

परत आल्यावर एक गोष्ट चुकूनही करू नका. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला, याची नोंद फाइलमध्येच असते, आणि फोटो त्या क्रमाने लावता येतात. मी लावले. ढीगभर १८वर, मूठभर ४००वर. मधल्या ३८२ मिलिमीटरमध्ये एक कबुतर आणि आमच्या बसचा नंबर.

त्यापेक्षा जाताना विमानतळावर कस्टम्सकडून लेन्सचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. येताना ड्यूटीचा प्रश्न निघत नाही, हा एक फायदा. लेन्स युरोपला जाऊन आली याचा कागदोपत्री पुरावा राहतो, हा दुसरा. फोटोंवरून कोणाला पटेलच असं नाही.

घरच्यांच्या ग्रुपवर जो फोटो गेला, तो आयफेलसमोर कुणा कोरियन मुलीने आमच्या हिच्या फोनवर काढलेला आहे. मनोरा पायापासून टोकापर्यंत आलाय, सगळी माणसं हसतायत. मी डावीकडे वाकलेलो दिसतो, कारण त्याच क्षणी ही म्हणाली होती, ‘अहो, ते नळकांडं ठेवा खाली आणि इकडे या.’ ते खालीच ठेवत होतो.

पुढच्या वर्षी नॉर्वेचं घाटतंय. ऑरोराला, त्या आकाशातल्या हिरव्या उजेडाला, एफ/२.८ची वाइड लागते म्हणे, तेव्हा हा शनिवार मोकळा ठेवा. १८-४०० विकायची मात्र नाही. तिकडे देवमासे दिसतात.