‘फाइल उघडा, रन दाबा’ एवढ्यावर भागत नाही

परीक्षा जवळ आल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार विद्यार्थ्यांनी पाठवला. विषय इम्युलेटरचा, म्हणजे एखाद्या प्रोसेसरची किंवा मशीनची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा. मेसेज थोडक्यात असा: “इम्युलेटरमध्ये प्रोग्राम लोड करायला पत्ता-बित्ता लागत नाही, फाइल उघडली की त्याला सगळं कळतं. मेमरी कोरी असते, त्यामुळे आधी काही भरायची किंवा साफ करायची गरज नाही. प्रोग्राम मेमरीत गेला की चालतोच. लोडिंगचा धडा परीक्षेपुरता पाठ करा, नोकरीत कुठे लागत नाही.”

मी इथे बरीच वर्षं मायक्रोप्रोसेसरची प्रॅक्टिकल्स घेतो. या चार वाक्यांपायी हुशार पोरांच्या अख्ख्या दुपारी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून एकेक वाक्य घेतो.

“फाइल उघडली की त्याला सगळं कळतं.” कळतं, पण फाइलीत कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असेल तर. इंटेल हेक्स प्रकारची फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. एक ओळ अशी दिसेल (वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये जागा सोडली आहे):

:०३ २००० ०० ०६ ०१ ७६ ६०

पहिले ०३ म्हणजे या ओळीत तीन बाइट आहेत. २००० हा पत्ता, ते बाइट मेमरीत कुठे ठेवायचे तो. पुढचे ०० म्हणजे ही साध्या डेटाची ओळ. मग खरा माल, ८०८५ या प्रोसेसरच्या सूचना: ०६ ०१ म्हणजे बी रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या कप्प्यात) ०१ भरा, ७६ म्हणजे थांबा. शेवटचे ६० हा पडताळणीचा आकडा. कोलनपुढचे सगळे बाइट हेक्समध्ये (दहाऐवजी सोळा अंकांच्या मोजणीत) बेरीज केले की शेवटचे दोन अंक शून्य यायला हवेत. वहीत करून बघा, येतात. म्हणजे इम्युलेटरने पत्ता ओळखला नाही, ओळीतून वाचला. ईएलएफ नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीतही तसंच, कुठला भाग कुठे आणि सुरुवात कुठून हे आतच नोंदलेलं असतं.

साध्या बिन फाइलीत मात्र यातलं काहीच नसतं. वरच्या ओळीची बिन केली तर उरतात फक्त तीन बाइट, ०६ ०१ ७६. पत्ता गेला तो गेला. म्हणून क्यूएमूसारख्या इम्युलेटरला सुरुवातीलाच मेमरीत काही टाकायला सांगताना बिनसोबत पत्ता द्यावाच लागतो. ईएलएफ किंवा हेक्स दिली तर तुमचा पत्ता तो विचारातच घेत नाही. आणि पत्ता देताना नुसतं २००० लिहिलंत तर क्यूएमू ते दशांश धरतो. हेक्समधलं २००० म्हणजे ८१९२. आकड्याआधी शून्य-एक्स (0x) लावायला विसरलात की प्रोग्राम भलत्याच ठिकाणी बसतो, आणि चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही.

गैरसमज कुठून आला तेही सांगतो, कारण पोरांचं त्यात चुकत नाही. गेमचे इम्युलेटर सगळ्यांनी वापरलेले असतात. एनईएस या जुन्या गेम-मशीनच्या गेमची फाइल उघडली की गेम सुरू. पण त्या फाइलीच्या तोंडाशी १६ बाइटांचं हेडर असतं आणि गेमच्या चिपा किती, कशा जोडायच्या हे त्यात लिहिलेलं असतं. चिप-८ या साध्या गेमसाठीच्या जुन्या भाषेच्या फाइलीत हेडर नसतं, तरी ती चालते, कारण तिचे प्रोग्राम हेक्स २०० पासून बसवायचे असा ठरलेला रिवाज आहे. दोन्हीकडे पत्ता आहेच, तुम्हाला तो टाकावा लागला नाही इतकंच.

आता मेमरी कोरी असते या वाक्याकडे येतो. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे.

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची एक मुलगी लॅबमध्ये अडकून बसली होती. चार आकड्यांची बेरीज: ९०, ५२, ८९, २५, सगळे हेक्स. उत्तर १९०. खालचा बाइट २०६० वर ठेवायचा, आणि बेरीज बाइटाबाहेर गेली की २०६१ मधला आकडा एकने वाढवायचा. सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ८०८५च्या नकलेवर, २०६० वर ९०, २०६१ वर ०१. बरोबर. तोच प्रोग्राम तिने ८०८५च्या किटवर (खरा प्रोसेसर असलेल्या सरावाच्या बोर्डावर) एकेक बाइट दाबून भरला, तर २०६१ वर ७३. “सर, कॉम्प्युटरवर बरोबर येतंय ओ, किटवर का येईना?” तिने तीनदा बाइट तपासले होते, एकही चुकला नव्हता.

चूक बाइटात नव्हतीच. किटची रॅम चालू होताना शून्य नसते. त्या वेळी तिच्या पेशींत जे काही येईल ते येतं. त्या दिवशी २०६१ मध्ये ७२ होतं. तिचा प्रोग्राम २०६१ एकने वाढवत होता, आधी शून्य करत नव्हता. सिम्युलेटरने रॅम शून्याने भरून दिली होती म्हणून चूक झाकली गेली. मी तिला सांगितलं, सिम्युलेटर रिसेट न करता परत रन कर. केलं, तर २०६१ वर ०२. तिसऱ्यांदा ०३. म्हणजे सिम्युलेटरवरही उत्तर फक्त पहिल्याच वेळी बरोबर होतं. तिने सुरुवातीला ३६ ०० हे दोन बाइट घातले, म्हणजे ‘एचएल या रजिस्टरांच्या जोडीने दाखवलेल्या जागी (इथे २०६१) शून्य ठेव’. तेवढ्यात लाइट गेली आणि किटवर भरलेलं सगळं गेलं. लाइट आल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून बाइट दाबले. या वेळी २०६१ वर ०१ आलं, आणि परत चालवल्यावरही ०१च.

“मेमरीत गेला की चालतोच.” प्रोसेसर तुमचा प्रोग्राम शोधत फिरत नाही. ८०८५ रिसेटनंतर ०००० पासून वाचायला लागतो. ८०८६ पहिल्या एक एमबीच्या टोकापासून १६ बाइट अलीकडे सुरू होतो. ६५०२ मेमरीच्या शेवटाकडच्या ठरलेल्या दोन बाइटांतून पत्ता उचलतो. आर्म कॉर्टेक्स-एम पहिल्या चार बाइटांतून स्टॅकचा (तात्पुरत्या नोंदींच्या जागेचा) पत्ता घेतो आणि पुढच्या चारांतून सुरुवातीचा. किटवर ०००० ला मॉनिटरची, म्हणजे किट चालवणाऱ्या तयार प्रोग्रामची, रॉम असते, म्हणून तर ‘गो’ दाबून २००० टाकावं लागतं.

एका पोराने २००० साठी लिहिलेल्या प्रोग्रामची बिन फाइल इम्युलेटरमध्ये ०००० वर चढवली. पहिलीच सूचना होती, २००५ वर उडी मार. प्रोसेसरने मारली. तिथे काहीच नव्हतं, फक्त शून्यं. आणि ८०८५ मध्ये ०० हीसुद्धा सूचना आहे: ‘काही करू नको, पुढे जा’. प्रोसेसर ६४ केबीच्या टोकापर्यंत काही न करता गेला, तिथून वळून ०००० वर आला, पुन्हा तीच उडी. पोरगा म्हणाला, “हँग झालंय.” प्रोसेसर तर अखंड पळत होता.

एकाहून जास्त फाइली चढवता येतात का, असंही विचारतात. येतात, क्यूएमूत हव्या तितक्या. फक्त दोन फाइली एकाच जागेवर आल्या तर तो सुरू व्हायलाच नकार देतो, आणि तेच बरं.

राहिलं नोकरीचं. माझा एक जुना विद्यार्थी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनचे कंट्रोलर बसवतो. बोर्डावर एसटीएम३२ चिप, तिची फ्लॅश मेमरी हेक्स ०८०००००० पासून सुरू होते. हेक्स फाइल आली तर पत्ता तिच्यातच असतो. बिन आली तर हा आठ अंकी पत्ता आपणच भरायचा. हाताखाली नवीन पोरगा आला आणि बोर्ड काही करत नाही म्हणून तक्रार घेऊन उभा राहिला की तो बोर्डाला हातही लावत नाही. आधी विचारतो, “फाइल बिन होती की हेक्स?”