दाढेला म्हणावं, सहा महिने थांब

दाढ ठणकायला लागली की उतावळी माणसं थेट दवाखाना गाठतात. तुम्ही तसं करू नका. आधी दातांचा विमा काढा. तो दुखायला लागल्यावरच काढावा, म्हणजे कशासाठी काढतोय हे नीट लक्षात राहतं. पॉलिसी हातात आली की प्रतीक्षा कालावधीचं पान शोधा. बहुतेक ठिकाणी तपासणी आणि सफाई लगेच मिळते, फिलिंगसाठी काही महिने थांबावं लागतं, आणि रूट कॅनल, कॅप अशा मोठ्या कामांना सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही जास्त. हे पान दाढेला मोठ्याने वाचून दाखवा. समजूतदार असेल तर थांबेल.

नाही थांबली तरी तुम्ही डगमगू नका. कीड वरच्या कठीण थरात असते तेव्हा दुखत नाही, थोडं सिमेंट भरून काम भागतं. म्हणजे क्लेम करायला काही मजाच नाही. ती खाली उतरली की थंड-गरम झोंबतं. नसेपर्यंत पोचली की झोप उडते आणि रूट कॅनलची वेळ येते. तरीही नेट धरलात तर एक दिवस ठणका अचानक बंद होतो. आतली नस मेलेली असते आणि जंतू मुळाशी निवांत संसार थाटतात, पण तुम्ही तो विम्याचा गुण समजा. पुढे गालावर सूज येईल, दाढ काढावी लागेल आणि इम्प्लांटचं, म्हणजे हाडात रोवायच्या कृत्रिम दाताचं, अंदाजपत्रक पाहून दातखीळ बसेल. फायदा एवढाच, की ती बसायला एक दाढ कमी लागेल.

‘आमच्याकडे आरोग्य विमा आहे की,’ असं कुणी म्हणेल. असू द्या. बऱ्याच आरोग्य विम्यांच्या लेखी माणसाचं शरीर ओठांपाशी संपतं आणि घशापासून पुन्हा सुरू होतं. अपघातात जबडा फुटून रुग्णालयात भरती झालात तर गोष्ट वेगळी. त्यामुळे दात किडवण्यापेक्षा आपटून घेणं केव्हाही शहाणपणाचं.

खास दातांच्या विम्याची कुळकथाही ऐकून ठेवा. १९५४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या मुलांसाठी तशी एक योजना सुरू झाली आणि तिथून ही कल्पना पसरत गेली. कल्पना चांगलीच होती. अडचण दातांची आहे. विमा चालतो तो क्वचित येणाऱ्या मोठ्या संकटावर; घर काही सगळ्यांचं जळत नाही. तोंडाचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला विकार आहे. इतक्या गिऱ्हाइकांना कोण पुरं पडणार? मग कंपन्या वर्षाची कमाल मर्यादा घालतात, आणि तयार होते रिमझिम पावसात ऐटीत उघडणारी आणि मुसळधार सुरू झाला की मिटणारी छत्री.

अनेक योजनांचं गणित १००-८०-५० असं असतं. सफाईचे शंभर टक्के, फिलिंगचे ऐंशी, मोठ्या कामाचे पन्नास. यातला पन्नास हा आकडा फार गोड आहे, त्यावर विश्वास ठेवा. समजा, इम्प्लांटचा खर्च वार्षिक मर्यादेच्या तिप्पट आहे. त्याचे पन्नास टक्के म्हणजे मर्यादेच्या दीडपट. पण मर्यादेच्या वर छदाम मिळत नाही. हातात येतात तेहेतीस टक्के. बाकीचे सतरा कागदावर राहतात, तिथे ते छान दिसतात.

आणखी दोन कलमं बारीक अक्षरात असतात, ती वाचून डोळे खराब करू नका. एक म्हणजे पॉलिसी घेण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी नवा बसवायचे पैसे नाहीत. दुसरं, डॉक्टरांनी दातासारखी दिसणारी कॅप बसवली तरी कंपनी स्वस्तातल्या धातूच्या कॅपचा हिशेब धरू शकते. तक्रार करायची तर फोन करून दाताच्या कण्या करा. असलेल्या दातांचा तेवढाच उपयोग.

आता राहिलेले पैसे. त्यासाठी हप्ते आहेत, आणि हप्त्यांची सोय खुर्चीतच होते. तुमच्या गळ्यात साखळीच्या चिमट्यांनी तो कागदी रुमाल अडकवलेला असतो, इंजेक्शनने अर्धा ओठ बधिर असतो, आणि काउंटरवरची मुलगी हसतमुखाने टॅब पुढे धरते. ‘इथे फक्त बोटाने सही करा.’ तुम्ही व्याजदर विचारायला जाता, तोंडातून ‘ब्याद’ असं काहीतरी बाहेर पडतं. तिला ते होकारासारखं ऐकू येतं. करार वाचायला याहून प्रसन्न वेळ कुठली?

‘फक्त दहा टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर व्याज, असं कानावर आलं तर निश्चिंत व्हा. वर्षभराच्या बारा समान हप्त्यांत फेडताना, दरमहा उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर ते साधारण अठरा टक्के पडतात, पण असला हिशेब करणारी माणसं मित्रांना आवडत नाहीत. ‘बिनव्याजी’ असेल तर आणखीच उत्तम. प्रोसेसिंग फी वेगळी असेल, ती व्याज नसते, तिचं फक्त वागणं तसं असतं. काही करारांत मुदतीअखेर थोडीशी बाकी राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम अंगावर येतं. त्याला शिस्त म्हणतात.

सगळ्या उपचाराचं कर्ज एकरकमीच घ्या बरं का. इम्प्लांट हाडात रुजायलाच अनेकदा तीन ते सहा महिने जातात, वरचा दात नंतर बसतो. पण पैसे पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या खात्यात जाऊन बसलेले बरे. मधेच दवाखान्याला कुलूप लागलं तर तुमचं भांडण दवाखान्याशी. हप्ता वेगळ्या कंपनीचा, तो ठरल्या तारखेला जातच राहतो.

काही लोक फार किरकिरे असतात. ते उपचारांचा टप्प्याटप्प्याने लेखी खर्च मागतात, विमा कंपनीकडून आधीच मंजुरीचा आकडा घेतात, दर बैठकीला पैसे दिले तर चालेल का विचारतात, तातडीचं नसलेलं काम दोन पॉलिसी वर्षांत विभागून दोनदा मर्यादा वापरतात. दंतवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात जाऊन कमी पैशात शिकाऊ डॉक्टरांकडून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, दात करून घेणारेही आहेत. वेळ जातो, पण त्यांना त्याचं काही वाटत नाही. एकाने तर, रोख दिले तर मिळणारी सूट ‘बिनव्याजी’ हप्त्यांत कुठे गेली, असं काउंटरवर सगळ्यांदेखत विचारलं म्हणे. अशा माणसाचं हसू येईल, पण आवरा. तोंड उघडलंत तर मागची दुसरी किडकी दाढ दिसेल, आणि तिच्यासाठीचं कर्ज आधीच मंजूर झालेलं असतं.